कार्ड रिकामं करण्याआधी



डिसेंबर आला की आपल्या सगळ्यांच्या शाळांत एकच धांदल असते. गॅदरिंग, बक्षीस समारंभ, सहल, क्रीडा सप्ताह. आणि या प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी गळ्यात शाळेचा कॅमेरा असतो. आमच्या पुण्यातल्या शाळेत तो बरीच वर्षं माझ्या गळ्यात होता. आज मी त्या कॅमेऱ्याबद्दल नाही, त्याच्या पोटातल्या नखाएवढ्या मेमरी कार्डाबद्दल लिहिणार आहे. विषय किरकोळ वाटेल. मलाही वाटायचा.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

२०२२ च्या डिसेंबरात आमचं गॅदरिंग झालं. ३१ डिसेंबरला आमच्या शाळेतल्या मावशी निवृत्त झाल्या. एकतीस वर्षं घंटा दिली त्यांनी. शनिवार होता, सकाळची शाळा, सुटल्यावर छोटासा निरोप समारंभ. शाल, नारळ, साडी, मुलींनी केलेलं भेटकार्ड. मावशी एरवी फोटोत यायच्याच नाहीत. कुणी कॅमेरा काढला की खराटा घेऊन मागे सरायच्या. त्या दिवशी मात्र पैठणी नेसून, अंबाड्यात गजरा माळून समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, आज काढा काय काढायचे ते." मी काढले. गॅदरिंगचे आणि हे मिळून चारशे बारा फोटो एकाच कार्डात.

सोमवारी ऑफ तासाला मी संगणक कक्षात बसले. कॅमेरा केबलने जोडला, सगळे फोटो निवडले आणि 'कॉपी' न करता 'कट' केलं. का? तर बुधवारी शिवनेरीची सहल होती, कार्ड रिकामं हवं होतं. एका दगडात दोन पक्षी! पेस्ट केलं थेट पेन ड्राइव्हमध्ये. पुढे पुढे सरकणारी हिरवी पट्टी मध्येच अडकली. घंटा झाली. पाच मिनिटं वाट बघून मी केबलही उपटली आणि पेन ड्राइव्हही. दुपारी पाहते तर पेन ड्राइव्हवर फाइलींची नावं दिसत होती, पण एकही उघडेना. कार्ड परत लावलं तर संगणक म्हणाला, हे कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल. मी 'हो' म्हटलं. खरंच म्हटलं. बुधवारी त्याच कार्डावर शिवनेरीचे अडीचशे फोटो काढले.

इथे थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण ती मला त्या सोमवारी कळली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

कार्डावर दोन प्रकारची माहिती असते. एक म्हणजे खुद्द फोटो. दुसरी म्हणजे कोणता फोटो कुठे ठेवलाय याची यादी. आपण फोटो डिलीट करतो किंवा नेहमीच्या पद्धतीने कार्ड फॉरमॅट करतो तेव्हा बहुतेक वेळा पुसली जाते ती यादी. वर्गाच्या हजेरीपटातून मुलाचं नाव कमी केलं, पण मूल अजून बाकावर बसलेलंच आहे, असं समजा. ते मूल शोधून काढता येतं. पण त्याच बाकावर नवं मूल आणून बसवलं की पहिलं उठतं, आणि मग ते सापडत नाही. म्हणजे माझी खरी चूक 'हो' म्हणण्याची नव्हती. ती निस्तरता आली असती. माझी चूक शिवनेरीची. फोटो गेलेत हे कळल्यावर पहिलं काम एकच, ते कार्ड कॅमेऱ्यातून काढायचं आणि बाजूला ठेवायचं. त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही.

'कट'चंही तसंच. एका कार्डावरून दुसरीकडे 'कट' करतो तेव्हा संगणक एकेक फोटो तिकडे लिहितो आणि इकडची नोंद पुसतो. म्हणजे त्या वेळी दोन्हीकडे लिखापढी चालू असते. तेवढ्यात केबल उपटली तर इकडची यादी अर्धवट, तिकडची वहीही अर्धवट. पेन ड्राइव्हचं तर आणखी एक आहे. पट्टी पूर्ण झालेली दिसली तरी शेवटचं काही लिहायचं बाकी असू शकतं. म्हणून ते 'सेफली रिमूव्ह' नावाचं बटण असतं. आपण सगळे ते दाबायचा कंटाळा करतो. मी आता करत नाही.

आमची एक माजी विद्यार्थिनी तेव्हा इंजिनीअरिंगला होती. तिने कार्ड घरी नेलं आणि फोटोरेक नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर त्यावर चालवलं. हे सॉफ्टवेअर यादीकडे बघतच नाही, बाकन्‌बाक तपासत जातं. चारशे बारापैकी दीडशेच्या आसपास फोटो परत आले. जुनी नावं गेलेली, सगळ्यांना एफ आणि पुढे लांबलचक आकडा. नाच आले, नाटुकल्याचे काही आले, बक्षिसांचे आले. मावशींच्या समारंभातला एक आला. तोही अर्धा.

त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी माझं म्हणणं मांडते.

माझं म्हणणं असं की, आपण मुलांना फोटो काढायला शिकवतो, पण ठेवायला शिकवत नाही. आणि शिकवत नाही कारण आपल्यालाच येत नाही. संगणकाच्या तासाला कीबोर्ड, माउस, इनपुट-आउटपुट, चित्रं रंगवणं हे सगळं होतं. कार्डावरून फोटो संगणकावर नीट उतरवून घेणं, तपासणं, नाव देणं, दुसरी प्रत करणं आणि मगच मूळ पुसणं, हे एक संपूर्ण काम म्हणून मी तरी कुठल्या वर्गात शिकवलेलं पाहिलं नाही. निबंध कच्चा लिहावा, वाचावा आणि मग पक्का करावा हे आपण तिसरीपासून सांगतो. इथे मात्र पक्की प्रत न बघताच कच्ची फाडून टाकतो.

काही जण म्हणतील, पूर्वी कुठे होतं एवढं सगळं? पूर्वी लागतच नव्हतं. आठवा, छत्तीस फोटोंचा रोल असायचा. लक्ष्मी रोडला नाहीतर घराजवळच्या स्टुडिओत धुवायला टाकायचा. परत काय मिळायचं? पाकिटात प्रिंट आणि पाकिटाच्या कप्प्यात निगेटिव्हच्या पट्ट्या. म्हणजे न मागता दोन प्रती. प्रिंट अल्बममध्ये जायच्या, निगेटिव्ह कपाटात वरच्या फळीवर. कुणी आत्या एखादा फोटो काढून घेऊन गेली तरी निगेटिव्हवरून दुसरा करता यायचा. डिजिटल कॅमेऱ्यात निगेटिव्ह म्हणजे ते कार्डच, आणि आपण ते दर समारंभानंतर धुऊन पुन्हा वापरतो. जुन्या काळी असा निगेटिव्ह धुऊन परत वापरणारा फोटोग्राफर कुणी ठेवून घेतला असता का?

दोन प्रती असून दोन्ही एकाच घरात असतील तर काय होतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. माझ्या सासूबाई नारायण पेठेतल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा त्यांच्या माहेरच्या ट्रंकेत फोटोही होते आणि काचाही. सगळ्याचा चिखल झाला. त्यांच्या आईवडिलांचा लग्नातला जो एक फोटो आज भिंतीवर आहे, तो साताऱ्याला आत्याकडे होता म्हणून राहिला. छायाचित्रकारांत एक नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. सासूबाईंना हा नियम वाचून दाखवला तर म्हणाल्या, "म्हणजे साताऱ्याची आत्या."

ठेवण्याचं काम कुणाचं तरी असावं लागतं, हाही पुण्याचाच धडा आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर आपलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ साली सुरू झालेलं. पी. के. नायर यांनी तिथे कित्येक वर्षं देशभरातून जुन्या सिनेमांची रिळं गोळा केली. त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपटही आहे, मिळाला तर मोठ्या मुलांना जरूर दाखवा. तरीही १९३१ सालचा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज कुठे नाही. आणि २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून नायट्रेटवरच्या कित्येक जुन्या फिल्म जळाल्या. त्या फिल्म पेटायला ठिणगी पुरते. आपलं कार्ड पेटत नाही, पण हरवतं, वाकतं, धुण्यात जातं. (शिक्षकाच्या शर्टाच्या खिशात कार्ड आणि शर्ट मशीनमध्ये, हे आमच्याकडे घडलेलं आहे. गंमत म्हणजे ते कार्ड वाळवल्यावर चाललं! पण त्या भरवशावर राहू नका.)

आता कुणी म्हणेल, बाई, कार्डाचा जमाना गेला, सगळे मोबाइलवर काढतात. खरंय. पण मोबाइलने प्रश्न सुटला नाही, नुसता पसरला. आमच्याकडे मागच्या गॅदरिंगचे फोटो नऊ शिक्षकांच्या नऊ फोनमध्ये होते. शाळेच्या ग्रुपवर पडले ते व्हॉट्सॲपने आकसून लहान केलेले. ग्रुपवर बघायला छान, पण वार्षिक अंकात छापायला घेतले की चेहरे पिठाळतात. साधा फोटो म्हणून पाठवला तर कधी काढला याची आतली नोंदही गळून जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, तो जसाच्या तसा जातो. हे मी स्टाफरूममध्ये किमान वीस वेळा सांगितलंय.

"गुगलवर आपोआप जातात की!" हे दुसरं उत्तर. जातात. पण कुणाच्या खात्यात? एका सरांच्या. १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद फुकट जागा बंद झाली, आता फोटो, मेल सगळं मिळून १५ जीबी. ते भरलं की नवे फोटो वर जायचे थांबतात. आणि सर बदली होऊन गेले की शाळेची चार वर्षं त्यांच्याबरोबर जातात. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर ते काढून टाकण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवली आहे. क्लाउड वाईट नाही. तो साताऱ्याची आत्या म्हणून उत्तम आहे. पण एकुलतं एक घर म्हणून नाही.

पालकांसाठी आणखी एक मुद्दा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्या मुलीचा नाचाचा फोटो नऊ शिक्षकांच्या खासगी फोनमध्ये असावा का? मी शिक्षिका असून म्हणते, नसावा. आमच्यापैकी कुणावर संशय म्हणून नाही. फोन हरवतात, विकले जातात, घरातली लहान मुलं हाताळतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलं आहे, आणि ते बरोबरच आहे. शाळेचा एक कॅमेरा, शाळेचं कार्ड, शाळेचा संगणक आणि एक जबाबदार माणूस, ही जुनाट वाटणारी पद्धत इथे फोनपेक्षा जास्त सुरक्षित आहे. म्हणून कॅमेरा भंगारात काढू नका असं मी आमच्या हेडबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं.

मग आम्ही काय करतो ते सांगते.

कॅमेरा केबलने जोडणं बंद केलं. मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी संपली तर तोच गोंधळ. त्याऐवजी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालतो. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो लावण्याआधी कार्डाच्या डाव्या कडेचं छोटं बटण खाली 'लॉक'कडे सरकवायचं. म्हणजे संगणकाला त्यावर लिहिता-पुसता येत नाही, चुकून 'कट' दाबलं तरी मूळ फोटो जात नाहीत. ते बटण म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा आहे बरं का, कार्डाच्या आत काही बदलत नाही, रीडर ते बघतो आणि पाळतो. सगळेच रीडर पाळतात असं नाही. पण आमचा पाळतो.

कार्ड उघडलं की डीसीआयएम नावाचं फोल्डर दिसतं. कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, हेच नाव. आत आणखी फोल्डर, त्यात चार अक्षरं आणि चार आकडे अशा नावांचे फोटो. आता चार आकड्यांत मोठ्यात मोठी संख्या कोणती? पाचवीचं मूलही सांगेल, ९९९९. त्यानंतर कॅमेरा परत ०००१ पासून मोजतो. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या सहलीचा आणि कालच्या क्रीडादिनाचा फोटो एकाच नावाचा असू शकतो. सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं आणि संगणकाने विचारलं 'बदलू का?' आणि आपण घाईत 'हो' म्हटलं, की सहल गेली. (माझ्या 'हो' म्हणण्याच्या सवयीबद्दल वर लिहिलंच आहे.) म्हणून प्रत्येक कार्यक्रमाला वेगळं फोल्डर. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कार्यक्रम. असं लिहिलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर लागत नाहीत. का, ते मुलांना शोधायला सांगा. सहावीच्या वर्गात यावर अर्धा तास मस्त गेला होता.

कॉपी झाली की तपासायचं. कार्डावर किती फोटो, फोल्डरमध्ये किती? आकडा जुळला पाहिजे, साइजही जुळली पाहिजे. पहिला, शेवटचा आणि मधले पाच-सहा फोटो पूर्ण मोठे करून बघायचे. छोटी चित्रं दिसली म्हणजे फोटो शाबूत आहे असं समजू नका, आतला फोटो बिघडलेला असू शकतो. मग दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क हेडबाईंच्या घरी. सुटीच्या दिवशी चोरी झाली, गळती लागली तरी एक प्रत दुसरीकडे. हे सगळं झाल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात घालायचं आणि कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करायचं. कॅमेऱ्याला हवी तशी मांडणी तोच करतो.

आणि भरलेलं कार्ड तसंच ड्रॉवरमध्ये ठेवून 'आहे की जपून' म्हणू नका. कार्डात फोटो म्हणजे विजेचा अगदी सूक्ष्म साठा. वर्षानुवर्षं पडून राहिला की तो हळूहळू गळतो. कार्ड ही पिशवी आहे, कपाट नाही. भाजी आणल्यावर पिशवीतच ठेवतो का आपण?

खरेदीबद्दल थोडं. बाजारात एका दुकानातून आम्ही एकदा '१२८ जीबी'चं कार्ड अर्ध्या किमतीत आणलं. त्यात आकडा १२८ दिसायचा, पण थोडे फोटो झाले की पुढचे उघडायचेच नाहीत. बनावट होतं. कार्ड नवं आणलं की ते एकदा पूर्ण भरून, परत संगणकावर उघडून बघावं. आणि एका मोठ्या कार्डापेक्षा लहान दोन बरी. समारंभ एका कार्डात, सहल दुसऱ्यात. २०२३ च्या जानेवारीत माझ्याकडे दुसरं कार्ड असतं तर!

सगळ्यात मोठा बदल मात्र वेगळाच. हे काम आता मी करत नाही, आठवीची मुलं करतात. दोघादोघांची पाळी. मी शेजारी बसते. एक जण कॉपी करतो, दुसरी मोजते. वहीत नोंद: कोणता कार्यक्रम, किती फोटो, कुणी उतरवले, कुणी तपासले, कार्ड कधी रिकामं केलं. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय फॉरमॅट नाही. सुरुवातीला काही पालकांनी विचारलं, अभ्यास सोडून हे काय? मी म्हटलं, घरी तुमच्या फोनमधले फोटो कोण सांभाळतं ते बघा, आणि मग सांगा. पुढच्या पालकसभेत त्यातल्याच एका बाबांनी मला विचारलं की मुलीने घरच्या फोटोंचीही वही केली आहे, आणि तिने बाबांकडे सही मागितली तर द्यायची का.

आता तो अर्धा फोटो.

तसे फोटो वरून खाली लिहिलेले असतात. वरचा भाग सापडतो, खालचा दुसऱ्याच फोटोने घेतलेला असतो. मावशींच्या फोटोत कपाळावरचं कुंकू, डोळे, हसू, खांद्यावर टाकलेल्या शालीची कड, इथपर्यंत सगळं लख्ख. खाली सपाट करडा रंग. पैठणी नाही, नारळ नाही, हात नाहीत. मी तो घेऊन त्यांच्या घरी गेले तेव्हा काय बोलावं कळेना. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साडी दिसत नाही होय? पैठणी होती." एवढंच. मला कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी तो फ्रेम करून घेतला.

या वर्षी मुलांनी जुने फोटो फोल्डरमध्ये लावायला घेतले. फोटो कधी काढला ही नोंद फाइलच्या अगदी सुरुवातीला असते, म्हणून अर्ध्या फोटोतही ती शाबूत होती. मुलाने उघडून बघितलं आणि म्हणाला, "बाई, यात ३ जानेवारी २०१२ लिहिलंय." कॅमेऱ्याची बॅटरी उतरून घड्याळ मागे गेलं होतं आणि मी ते कधी लावलंच नव्हतं. तारीख लिहायची काय? मुलं म्हणाली, मावशींनाच विचारू. फोन स्पीकरवर ठेवला. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत तिकडून आवाज आला, "एकतीस डिसेंबर. शनिवार. सकाळची शाळा होती, शेवटची घंटा मीच दिली." मुलाने फोल्डरचं नाव लिहिलं आणि दुसरीने वहीत सही केली.